गलबतातलं सूप

“पहिलंच नाव ‘गलबत’,” सून फोनवर बोट सरकवत म्हणाली. “इथे चुकूनही जाऊ नका, असं लिहिलंय. ‘सूप म्हणजे कोमट पाण्यात कालवलेलं पीठ. आपण काय वाढतोय हे वाढणाऱ्यांनाच ठाऊक नसावं.’ आणि खाली दोनशे लोकांनी अंगठा वर केलाय.”

लॉजच्या नाश्त्याच्या खोलीत चौघं बसले होते. मुलाने चहात बुडवलेला टोस्ट तसाच धरून ठेवला आणि तो मोडून कपात पडला. नात खुर्चीवर मागेपुढे झुलत होती. समोर बसलेल्या आचाऱ्याने, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, हातातला चमचा बशीत ठेवला. जरा जोरातच.

या थीम पार्कमधल्या याच ‘गलबत’ नावाच्या रेस्टॉरंटच्या भटारखान्यात त्याने सत्तावीस वर्षं काढली होती. दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला, पुढच्याच वर्षी बायको गेली, आणि मग घर आवरून तो दुसऱ्या गावी मुलाकडे राहायला गेला. नातीला सुट्टी लागली तेव्हा तिने हट्ट धरला, की आजोबांचा पार्क बघायचा. म्हणून ही सहल. एवढ्या वर्षांत आचारी स्वतः पुढच्या दाराने एकदाही आत गेला नव्हता. कामगारांचं दार मागे होतं, कचऱ्याच्या गाड्या लागायच्या तिथे.

सुनेच्या लक्षात आलं आणि तिने जीभ चावली. “अगं बाई! बाबा, सॉरी हं. पण हे तुमच्या वेळचं नाहीच मुळी. आत्ताचं कोणीतरी लिहिलं असणार.”

“तारीख बघ.”

“जाऊ द्या ना बाबा,” मुलगा म्हणाला.

“बघू दे तिला. खाली तारीख असते ना?”

सुनेने पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. “साडेतीन वर्षांपूर्वीचं आहे.”

“म्हणजे तेव्हा आजोबा होते तिथे,” नात म्हणाली. तिला वजाबाकी नुकतीच नीट जमायला लागली होती.

“होतो तर!” आचारी उसळला. “आणि हा लिहिणारा कोण लागून गेलाय? सूप करायला अडीच तास लागतात. हे लिहायला त्याला अडीच मिनिटं तरी लागली असतील का? कांदा परतला कशाला म्हणतात आणि करपला कशाला, एवढंही ज्याला कळत नाही तो दोनशे लोकांना सांगणार कुठे जेवायचं ते!”

“बरोबर आहे तुमचं,” सून घाईघाईने म्हणाली. ती शाळेत शिकवायची आणि यादी केल्याशिवाय कुठे पाऊल टाकायची नाही. कुठल्या झुल्यात किती वाजता बसायचं, पार्कातल्या नऊ रेस्टॉरंटपैकी कुठली चार टाळायची आणि कुठल्या दोनांत खायचंच, हे तिने महिनाभर आधी वाचून काढलं होतं. “आपण ‘राजवाड्या’त जेवू. सगळ्यांनी डोक्यावर घेतलंय त्याला.”

‘राजवाडा’ हे नाव ऐकून आचाऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण त्याने चहाचा कप तोंडाला लावला. बोलला असता तर सगळंच बोलावं लागलं असतं. सूप वाईट होतं म्हणणारा खोटं लिहून गेला नव्हता. ते सूप आचाऱ्याच्याच हातून गेलं होतं, आणि ते आचाऱ्याने केलेलं नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना पार्कच्या मालकांनी गावाबाहेर एक मोठा कारखाना उभा केला. तिथे एकाच जागी सगळं शिजायचं, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरलं जायचं, गोठवलं जायचं आणि गाड्या भरभरून पार्कात यायचं. एका आठवड्यात नऊही भटारखान्यांतल्या शेगड्या उखडून नेल्या. ‘गलबता’त सहा आचारी होते. पाच जण साहेबांच्या तोंडावर टोप्या फेकून निघून गेले. हा मागे राहिला. छप्पन्नाव्या वर्षी आपल्याला दुसऱ्या कोणाच्या शेगडीपाशी कोण उभं करणार, असं त्याला वाटलं. कदाचित टोपी फेकायचं धाडसच झालं नसेल. मग चार वर्षं त्याने एकच काम केलं. उकळत्या पाण्यात पिशवी टाकायची, घंटी वाजली की काढायची, कात्रीने कोपरा कापायचा, बाऊलमध्ये ओतायचं, वर दोन पानं ठेवायची.

घरी त्याने यातलं अक्षर सांगितलं नाही. मुलगा ऑफिसात अभिमानाने सांगायचा, माझे वडील मोठ्या रेस्टॉरंटचे मुख्य आचारी आहेत. ते आचाऱ्याने सांगू दिलं.

पार्कात पोचल्यावर नात दोन पाळण्यांत बसली, एका बोटीत बसली, पाण्याने चिंब झाली आणि बारा वाजता म्हणाली, “भूक लागली.” सून यादी काढून पुढे झाली. ‘राजवाड्या’च्या दाराशी लोकांची रांग वळसे घेत उभी होती.

“इथे नको,” आचारी म्हणाला.

“अहो, सगळ्यात चांगलं आहे म्हणून लिहिलंय बाबा. शाही सूप मिळतं इथे.”

“ते धुराडं बघ. त्यातून येतंय काय?”

सगळ्यांनी वर पाहिलं. घुमटाशेजारच्या धुराड्यातून पांढरे लोट निघत होते.

“धूर,” मुलगा म्हणाला.

“धूर नाही, वाफ आहे. वाफेचं यंत्र बसवलंय खाली, लोकांना दिसावी म्हणून. खऱ्या भटारखान्याच्या धुराड्याला तेलाचा ओघळ असतो. हे बघ, कालच रंगवल्यासारखं आहे. चला.”

‘जंगलझोपडी’पाशी त्याने मागच्या बाजूला जाऊन कचऱ्याचे डबे पाहिले. “कांद्याचं एक साल नाही, बटाट्याचं नाही. निव्वळ प्लॅस्टिक. भाजीशिवाय स्वयंपाक करतात की काय हे?” ‘चांदणी’च्या दारात उभा राहून त्याने नुसता वास घेतला आणि मान हलवली. सुनेच्या यादीतलं एकेक नाव असं खाली पडत गेलं. आधी ती कौतुकाने ऐकत होती, पण चौथ्या ठिकाणी तिने फोन पर्समध्ये टाकून दिला.

एक वाजून गेला होता. ऊन डोक्यावर आलं होतं. नातीने मध्येच फतकल मारली.

“बाबा, बास झालं आता!” मुलगा वैतागून म्हणाला. “हे नको, ते नको. पोरगी उपाशी आहे. मग जेवायचं कुठे ते तरी सांगा एकदा!”

खरं उत्तर होतं, कुठेच नाही. नऊही ठिकाणी एकाच पिशवीतलं आहे. ‘राजवाड्या’तल्या शाही सुपावर सायीचा थेंब टाकतात आणि ‘गलबता’तल्या खलाशी सुपावर पुदिना, एवढाच काय तो फरक. यादी करणारे, अंगठे वर करणारे, रांगेत तास तास उभे राहणारे हे सगळे नुसते ताटल्यांचे रंग निवडतायत. हे सगळं आचाऱ्याच्या ओठांवर आलं. आणि त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच.

“गलबतात.”

“पहिलंच नाव आहे ते टाळायच्या यादीत.”

“असू दे. मी सत्तावीस वर्षं तिथे होतो. मला तिथे बसून जेवायचंय.”

मुलाने नातीला हात धरून उठवलं.

‘गलबत’ लाकडी जहाजासारखं बांधलेलं होतं. शिडावरून दोऱ्या लोंबत होत्या. दाराशी लोक फोटो काढत होते, आणि ते कशाचा काढतायत हे बघायला आचारी पुढे झाला.

चौथऱ्यावर एक भलंमोठं पातेलं मांडलेलं होतं. त्याला सोनेरी रंग फासला होता. आत प्लॅस्टिकची नाणी, मोत्यांच्या माळा आणि एक कवटी होती. वर पाटी होती, ‘चाच्यांचा खजिना’. आचाऱ्याने वाकून त्याची डावी कडी पाहिली. मूळची कडी तुटल्यावर त्याने स्वतः लोहाराकडून दुसरी बसवून आणली होती, तीन रिबिटांची. रंगाखाली तिन्ही जागच्या जागी होती.

“आजोबा, फोटो काढू का तुमचा?” दाराशी उभ्या असलेल्या, डोक्याला काळा रुमाल बांधलेल्या मुलीने हसून विचारलं.

“हे पातेलं आहे,” आचारी म्हणाला.

“हो ना, खजिन्याचं.”

“खजिन्याचं नाही, सुपाचं आहे. चारशे माणसांचं सूप व्हायचं यात. रोज. ढवळताना खांदा निखळायची पाळी यायची. तुम्ही याला रंग लावलात?”

मुलगी गोंधळली. “मला सांगितलंय की फोटो काढून द्यायचे,” ती म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं हे आचाऱ्याला कळत होतं. त्यामुळे त्याला अधिकच राग आला. ज्याच्यावर ओरडावं असा माणूस अशा ठिकाणी दाराशी कधी उभा नसतोच.

आत टेबल मिळालं. सुनेने सगळ्यांसाठी सूप आणि पाव मागवला. नात हात धुऊन येईपर्यंत सूप टेबलावर हजर होतं.

“बघ,” आचारी मुलाला म्हणाला. “दोन मिनिटं. दोन मिनिटांत आमचं तेल तापायचं नाही.”

त्याने चमचा तोंडाला लावला. चव तीच होती. तो चमचा ठेवताना त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली आणि तो बसल्या जागी ताठ झाला. भिंतीवर पुरुषभर उंचीचं चित्र होतं. पांढरी उंच टोपी, पिळदार मिशा, गुबगुबीत गाल, हातात डाव. खाली लिहिलं होतं: ‘आमचे मूळ आचारी. पंचवीस वर्षांपूर्वी याच चुलीवर त्यांनी पहिलं खलाशी सूप रांधलं. आजही तीच चव.’

“हा कोण?” आचारी म्हणाला.

“ओळखत असाल ना तुम्ही?” सुनेने विचारलं. “तुमच्याबरोबर होते का हे?”

“आमच्याबरोबर असा माणूस नव्हता. कधीच नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी या चुलीवर मी होतो!” तो उठून उभा राहिला. खुर्ची मागच्या टेबलावर आपटली. “ओ! इकडे या जरा. हा माणूस कोण आहे?”

आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले. मुलगा “बाबा, बाबा” करत त्याचा हात धरू लागला. काउंटरमागून मॅनेजर आला, तिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला.

“काय झालं सर? सूपमध्ये काही आहे का?”

“सूपमध्ये काही नाहीये, तेच झालंय. हा कोण आहे ते सांगा.”

“ते आमचे मूळ आचारी, सर. त्यांचीच पाककृती आम्ही वापरतो.”

“नाव काय त्यांचं?”

मॅनेजर हसला. “सर, ते आपलं असंच असतं. लोकांना आवडतं. डिझाइनवाल्यांनी केलंय.”

“म्हणजे हा माणूसच नाही.”

“तसं म्हणायचं तर... नाही. सर, तुम्ही बसा ना. मी तुम्हाला आइस्क्रीमचं कूपन देतो, आमच्याकडून.”

“कूपन!” आचाऱ्याचा आवाज असा चढला की भटारखान्याचं झुलतं दार उघडून कोणीतरी बाहेर डोकावलं. “इथे सहा माणसं राबली. एकाचा हात पोळून बोटं जुळली कायमची. एकाची बायको बाळंत होत होती आणि तो इथे चारशे लोकांचा कांदा कापत होता. त्यांच्यातल्या एकाचं चित्र काढायला तुम्हाला काय झालं होतं? खरी माणसं हाकललीत आणि मिशा लावून खोटा भिंतीवर चढवलात!”

दारातून डोकावणारी बाई आता पूर्ण बाहेर आली होती. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, कमरेला ओलं प्लॅस्टिकचं फडकं. ती भांडी घासणारी मावशी होती. तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम फुलला.

“अगंबाई, कात्रीमामा! तुम्ही होय? तरीच म्हटलं, आवाज ओळखीचा!”

आचाऱ्याचे खांदे खाली आले.

“कात्रीमामा?” मुलाने विचारलं.

मावशीने एकदा मुलाकडे, एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि आपण काय बोलून बसलो ते तिला उमगलं. “थट्टेने म्हणायचो आम्ही,” ती म्हणाली. “उगाच आपलं.”

“उगाच नाही,” आचारी म्हणाला. तो खाली बसला. आता तो मॅनेजरशी बोलत नव्हता. “शेवटची चार वर्षं मी स्वयंपाक केला नाही. पिशव्या कापल्या. हेच सूप. सकाळी तुझ्या बायकोने वाचलं ना, कोमट पाण्यात पीठ? ते मीच वाढलेलं. राजवाड्यात हेच आहे, जंगलात हेच आहे. म्हणून सकाळपासून नको नको करतोय. सगळे सोडून गेले, मी नाही गेलो. मी कात्री धरली.”

मुलाने बापाचा धरलेला हात सोडला. मग म्हणाला, “चार वर्षं? मी ऑफिसात सगळ्यांना सांगत होतो बाबा.”

“ठाऊक आहे.”

“सांगायचं होतंत मला.”

“काय सांगणार होतो? तुझा बाप पिशव्या फोडतो म्हणून?”

“हो! तेच सांगायचं होतं!” मुलाचा आवाज आता बापासारखाच चढला. “आम्ही काय तुम्हाला घराबाहेर काढणार होतो? आणि आई? आईलाही नाही सांगितलंत?”

“नाही.”

मॅनेजर अजून उभाच होता. “सर, बाकीचे गेस्ट जेवतायत,” तो हळूच म्हणाला. “आणि मावशी, तुम्ही आत व्हा.”

“होते हो,” मावशी म्हणाली, पण जागची हलली नाही. “माझी सुट्टी राहिलीय दहा मिनिटांची, ती आत्ता घेतेय.” तिने हातमोजे काढले आणि सुनेकडे वळली. “ताई, तुम्ही कुठे काय खायचं ते फोनमध्ये बघता ना? नऊच्या नऊ ठिकाणची भांडी आता इथेच घासायला येतात, सगळं उष्टं माझ्याकडे. मला विचारा. अर्धं अर्धं परत येतं आता, राजवाड्याचं सुद्धा. मामांच्या हातचं असायचं तेव्हा बाऊल कोरडे यायचे. लोक पावाने पुसून खायचे. मला धुवायला काही राहायचं नाही, नुसतं पाणी मारायचे मी.”

मग ती आचाऱ्याकडे वळली आणि तिने आवाज खाली घेतला. पण टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू जात होतं.

“आणि मामा, वहिनींना माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“कात्रीचं. एकदा तुम्ही चष्मा घरी विसरलात, आठवतं? त्या घेऊन आल्या होत्या मागच्या दाराने. मीच आत घेतलं. तुमची पाठ होती. घंटी वाजली, तुम्ही पिशवी काढली, कापली, ओतली. दुसरी काढली. उभ्या राहून बघत होत्या बिचाऱ्या. मग चष्मा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, तू दे, दारावरच्या माणसाने दिला म्हणून सांग. आणि मी आत आले होते हे बोलू नकोस.”

आचाऱ्याने समोरचा बाऊल बाजूला सरकवला.

“केव्हा?” त्याने विचारलं.

“पिशव्या सुरू झाल्या त्याच वर्षी. नवीन नवीनच होतं.”

म्हणजे जवळजवळ चारही वर्षं. रोज संध्याकाळी तो घरी आला की बायको चहा ठेवायची आणि विचारायची, आज काय केलंत? आणि तो सांगायचा. आज गाजर छान होतं, गोडसर. आज मिरी जरा जास्त पडली, पण निभावलं. आज एक जण आत येऊन सांगून गेला, असं सूप आईच्या हातचं खाल्लं होतं. ती गालावर हात ठेवून ऐकायची. मध्येच एखादा प्रश्न विचारायची, मग मिरी पडल्यावर काय केलंत? आणि तो तेही सांगायचा, कसं दोन बटाटे किसून घातले ते, बारकाईने. त्याच्या अंगाला चार वर्षं कांद्याचा वास येत नव्हता. तिने तो विषय कधी काढला नाही.

त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. राग अजून होता, पण आता तो कोणावर धरावा हे त्याला समजेना.

मावशीची दहा मिनिटं संपली. “येते मामा,” म्हणून ती हातमोजे चढवत आत गेली. मॅनेजरने कूपन टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं होतं. सुनेने ते उचललं, त्याच्यामागे काउंटरपर्यंत गेली आणि परत देऊन आली. परत आल्यावर ती मुद्दाम सासऱ्याच्या शेजारी बसली.

“बाहेर जाऊ या का बाबा?” तिने विचारलं. “कुठेही. फळं घेऊ नाहीतर.”

पण नातीला कोणी थांबवलंच नव्हतं. या सगळ्या गोंधळात तिने आपला बाऊल जवळ ओढून खायला सुरुवात केली होती. भुकेने तिची मान बाऊलवर झुकली होती. एक चमचा, एक पावाचा तुकडा, परत एक चमचा. ओठांवर सुपाची मिशी आली होती.

“कसं आहे गं?” आचाऱ्याने विचारलं.

तिने विचार केला. “गरम आहे,” ती म्हणाली आणि परत खाली वाकली.

भटारखाना भिंतीच्या मागे होता. तिथून ताटल्या एका चौकोनी भोकातून बाहेर जायच्या आणि रिकाम्या होऊन दुसऱ्या दाराने मावशीकडे यायच्या. मधलं काही दिसायचं नाही. सत्तावीस वर्षांत, चुलीची तेवीस आणि कात्रीची चार धरून, ‘गलबता’त बसून खाताना त्याने कोणालाच पाहिलं नव्हतं.

त्याने कोपरं टेबलावर टेकली आणि नात खात असताना तो बघत राहिला. कोणी त्याला घाई केली नाही. मुलाने आपल्या पावाचा तुकडा मोडून नातीच्या ताटलीत सरकवला. तिने तो न बघताच उचलला, बाऊलच्या तळातून गोल फिरवला आणि तोंडात टाकला.